डुकराच्या मागावर

आईला फोनवर सांगितलं, रात्रपाळीला डुकराच्या मागे असतो.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, एवढं शिकून गेलास ना रे तिकडे?

अगं, डुक्कर म्हणजे यंत्र. माणसापेक्षा लांब धूड,
पोटात बॅटऱ्या, अंगभर चुंबकांचे ब्रश.
तेलाच्याच रेट्यानं पाइपातून सरकतं, भिंतीला घासत,
कुठे गंज, कुठे पोचा, सगळं टिपून घेत.
मग तू काय करतोस?

मी ऐकतो.

ओक्लाहोमा, ड्रमराइटच्या पूर्वेला, कच्च्या रस्त्याच्या कडेला
व्हर्लिन स्टकी पिकअपमध्ये, हीटर चालू.
मी बाहेर गुडघ्यांवर, जिओफोनचा खिळा मातीत रोवून.
चार फूट खाली सोळा इंची पाइप.
तेल ऐकू येत नाही.
ऐकू येतो हायवेवरचा एखादा ट्रक
आणि च्युइंगम चावणारा माझाच जबडा.

दोन चाळीसला यायला हवं होतं.
दोन पन्नास.
तीन वाजता व्हर्लिन काच खाली करतो : झोपलं की काय?
त्याच्या तरुणपणी एक डुक्कर अडकलं होतं, बाहेर काढायला तीन दिवस.
ही गोष्ट मी सात वेळा ऐकली आहे,
दर वेळी एक दिवस वाढतो.

तीन सात.
टक.
चाळीस फुटांवर एक जोड, जोडावर वेल्डची कड,
कडेवरून रबरी चकत्या उसळतात.
टक.
आठ-नऊ सेकंद काहीच नाही.
टक.
पायाखालून गेलं तेव्हा दात शिवशिवले.
वहीत वेळ लिहिली आणि पुढच्या खांबाकडे निघालो.

अहवाल यायला दोन महिने लागले.
अकरा खुणा. नववी इमोजीन टॅकेटच्या कुरणात :
पाइपाच्या माथ्यावर पोचा, पोच्यात ओरखडे.
खणा, ती म्हणाली, पण पीकॅनच्या मुळांना धक्का नको.
शेवटचा फूटभर आम्ही फावड्यानं उकरला.
डांबरी वेष्टण सोललं.
तळहाताएवढा खोलगा, त्यात तीन समांतर रेघा.

बॅकहोचे दात, व्हर्लिन पुटपुटला.

इमोजीन खड्ड्याच्या काठावर, नवऱ्याचं जाकीट घालून.
अठ्ठ्याऐंशी साल, ती म्हणाली.
घोडी मेली होती. रॉइस पुरत होता.
घरात आला आणि म्हणाला, दगड लागला.
त्या रात्री किती वेळ हात धूत होता.
त्यानंतर या कोपऱ्यात त्यानं साधा कुंपणाचा खांबही रोवू दिला नाही कुणाला.

खणण्याआधी फोन करायचा असतो, त्याचा नंबर
आमच्या पिकअपच्या दारावर मोठ्या अक्षरांत आहे.
व्हर्लिननं दार हळूच लोटलं.

भिंतीचा तिसरा हिस्सा गेला होता.
उरलेल्या दोन हिश्शांनी इतकी वर्षं दाब पेलला.
खांबावरच्या तारेला मी मीटर लावून पाहिलं,
उणे शून्य पूर्णांक नऊ दोन.
म्हणजे तिथे पुरलेला मॅग्नेशियमचा गोळा
पाइपाऐवजी अजून स्वतः गंजतो आहे.
चंदनाची उपमा तोंडाशी आली होती, गिळली.
गोळ्याला वास नसतो, आणि कुणी त्याला उगाळतही नाही.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आले. पोलादी बाही, दोन अर्धुकं.
आत तेल वाहत होतं, वाहतावाहता आच घेऊन जात होतं.
त्याआधी इमोजीननं विचारलं, हात लावू का?
तीन रेघांत तीन बोटं ठेवली.
नीट बसली नाहीत. रॉइसचं यंत्र मोठं होतं.
मग बाही चढली. ते ओरखडे आता पुन्हा कुणाला दिसणार नाहीत,
पुढच्या डुकराला तिथे नुसतं जाड पोलाद लागेल.

रविवारी आईनं विचारलं, सापडलं का तुझं डुक्कर?
मी सगळं सांगितलं.
रॉइसचं नाव काही तिच्या लक्षात राहिलं नाही.
घोडी कुठल्या रंगाची होती रे, ती म्हणाली.

ते मी विचारलंच नव्हतं.