शंभर मिली

नोट प्रेसमध्ये तेहतीस वर्षं
छापलेल्या कागदातले दोष शोधले.
शाई फाकलेली, आकडा सरकलेला,
कडेला केसाएवढी रेघ.
एवढी तयार नजर,
तरी खारी सहा महिने झिजत होती
अन् मला दिसली नाही.

"मांजरं दुखणं लपवतात," बेंडकुळे मॅडम म्हणाल्या,
"तुम्ही मोजायला शिका."

म्हणून मोजतो.
दर रविवारी द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटमध्ये बसवून,
भाजीवाल्या सोनवण्यांच्या जुन्या काट्यावर,
क्रेटचं वजा करून.

दूध बंद.
मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात;
डोळे आम्ही मिटले होते,
चौदा वर्षं वाटी भरताना.
आता पाणी चार ठिकाणी, जेवणापासून लांब.
त्यातली देव्हाऱ्याखालची वाटी तिला पसंत.
शालन आधी कुरकुरली,
मग स्वतःच पसरट स्टीलची शोधून आणली,
मिश्यांना कड लागू नये म्हणून.

पिंपळगावहून मेहुण्यानं द्राक्षं पाठवली,
पेटी थेट कपाटात.
एक मणी गडगडला पलंगाखाली
तर आम्ही दोघं साठीपलीकडची
बॅटरी घेऊन रांगत होतो.
एकच तर आहे, असं कुणीच म्हणालं नाही.

दिवसाआड सलाईन.
बाटली कोमट करून पडद्याच्या रॉडला टांगायची,
मानेमागची कातडी चिमटीत उचलून
तंबू करायचा, सुई आत.
पहिल्यांदा सुई आरपार गेली,
सगळं पाणी शालनच्या पदरावर.
ती हलली नाही. मांडीवर धरून होती.
हीच शालन, मांजर आडवं गेलं की
बिटको चौकातून घरी परतायची,
लग्नाला निघालेली असली तरी.

शंभर मिली.
खांद्यावर पाण्याचं वशिंड येतं,
बैलासारखी ऐटीत चालते थोडा वेळ,
मग ते पायाकडे उतरतं, जिरतं.

मुलगा फोनवर विचारतो,
"बाबा, अजून किती दिवस हे?"
मी म्हणतो, तीन किलो एकशेचाळीस.
तो गप्प.
मागच्या रविवारी तीन किलो शंभर होती,
हे त्याला कुठून माहीत असणार.

सकाळी चपला घालतो अन् थांबतो.
उंबऱ्याशी उभा, हातात पिशवी,
जेल रोडवर पहिली बस गेलेली.
शालन आतून विचारते,
"गेली का आडवी?"
"गेली."
"मग निघा."