पिवळा दगड

आज नळाला पाणी आहे,
एक दिवसाआड, साडेपाच ते सव्वासहा.
तू बादली काठोकाठ भरलीस
आणि तिच्यात तोंड बुडवून बसलीस,
डोळ्यांवर नवा मास्क, केसांवर जुनी शॉवर कॅप.
मी दारात, हातात मोबाइलचं घड्याळ.
बावीस. तेवीस. चोवीस.
तिकडे चहा उतू गेला.
एकतिसाला वर आलीस. "किती?"
मी चाळीस सांगितले.

मार्चपासून हे चाललंय.
बोनेर नावाचं बेट.
फळ्यावर कॅरिबियन काढताना तुझा क्यूबा नेहमी वाकडा यायचा,
जमैका खडूच्या दोन फटक्यांत,
आणि मग खाली, व्हेनेझुएलापर्यंत,
टक् टक् टक् नुसते ठिपके.
बाई, यांना नावं नाहीत?
"परीक्षेला नाहीत," म्हणायचीस.
त्यांतलाच एक ठिपका आता
रात्री अडीचला तुला उठवून बसवतो.

पलासियातला पोरवाल म्हणाला,
"आंटी, मालदीव कर देता हूं ना, पॅकेज है."
तू पर्स उचललीस.
त्यानं मुकाट्यानं दिल्ली, ॲमस्टरडॅम, बोनेर लिहिलं,
आणि खाली एक आकडा,
जो पाहून मी खिडकीबाहेरची रिक्षा बघत बसलो.
मुदतठेव मोडली. ती कशासाठी ठेवली होती
हे दोघांनाही आठवेना.

तुला शिकवणारा पोरगा मंडलेश्वरचा, निमिष केवट.
त्याचे आजोबा नाव हाकायचे,
हा तरणतलावाच्या निळ्या फरशीवर
माणसांना श्वास घ्यायला शिकवतो.
पाण्याखाली अंगठा वर म्हणजे छान नव्हे,
अंगठा वर म्हणजे वर चल.
छान म्हणायचं तर बोटांचं वर्तुळ.
परवा वांग्याच्या भाजीला मी अंगठा दाखवला,
तू पोळी टाकून उभी राहिलीस.

मग तो फॉर्म आला. दमा? नाही. फिट्स? नाही.
कानाच्या पडद्याला कधी इजा?
तू पेन थांबवलंस. माझ्याकडे बघितलं नाहीस.
चौऱ्याण्णव साली जलूदच्या पंपहाऊसमध्ये झडप फुटली,
तेव्हापासून डाव्या कानात
एक रिकामी खोली आहे.
डॉक्टर खासगीवाल्यांनी बॅटरी मारून पाहिलं,
"तुम्ही काठावर बसा, मुळ्ये."

एकतीस वर्षं मी नर्मदा वर चढवली.
नदीपासून घाट, घाटावरून शहर,
दर दहा मीटरला किलोभर दाब,
काटा बघून निजायचं, काटा बघून उठायचं.
तुझ्या पुस्तकात तेच लिहिलंय,
दहा मीटर, आणखी एक; वीस, आणखी एक.
"हे तर तुमचंच की," म्हणालीस.
हो, आकडे माझेच.
पण मी कायम पाण्याच्या बाहेर उभा होतो, सुनीती,
आत काय असतं ते कुठं बघितलं.

तिथं म्हणे रस्त्याच्या कडेला पिवळे दगड असतात,
प्रत्येकावर एक नाव.
जिथं दगड, तिथून समुद्रात उतरायचं.
फोटो दाखवलास. आपल्या गल्लीतल्या
नळाच्या चेंबरवर मारतात तसला पिवळा.
मी तिथं बसणार.
टॉवेल, थर्मास, तुझ्या चपला,
डब्यात शेव, डच कस्टमनं सोडली तर.
तुझे बुडबुडे वर येतील ते मोजेन,
पाणी वर चढताना मोजायची मला सवय आहे.

पोपटमासा प्रवाळ खातो आणि वाळू टाकतो,
तू वाचून दाखवत होतीस,
म्हणजे किनारा त्याच्याच पोटातून आलेला.
मी उजवा कान पुढे केला होता.
मला विचारायचं होतं
खालून वर बघितलं तर
काठावरचा माणूस दिसतो का,
का नुसताच उजेड.

तेवढ्यात तू ओरडलीस,
अहो, मोटर! टाकी वाहतेय.