दौलतगंज, सातवी ब

शितोळे सर बशीत चहा ओतत म्हणाले,
"असल्या चहाच्या पेट्याच्या पेट्या
त्यांनी समुद्रात फेकल्या."
आम्ही हळहळलो.

मग फळ्यावर समुद्र, पलीकडे तेरा ठिपके,
आठ वर्षांची लढाई एका रेघेत.
जिंकले.

"आणि हरला तो सेनापती?"
मागच्या बाकावरून मंजुळा माहूरकर.
सरांनी हात झटकला, खडू उडाला.
"त्याला काय होतंय!
काही वर्षांनी बढती देऊन
इकडेच पाठवला."

खिडकीत किल्ला होता,
इतक्यांदा हातचा गेलेला
की आता कुणाचाच वाटत नाही.

रामसनेही कपबशी न्यायला आला.
तळचा घोट सरांनी
खिडकीबाहेरच्या मोगऱ्यात ओतला,
जरा उंचावरून,
आवाज होईल असा.