तर्रीशिवाय

मांडीचा तुकडा. चरबी कापून वेगळी काढली,
तर पप्पा तिच्याकडे पाहत राहिले
फलाटावर कुणाला सोडायला आल्यासारखे.

तीन तास मंद आच. तेल एक चमचा, मोजून.
मीठ, म्हणजे जवळजवळ नाहीच.
मग दोन काट्यांनी उसवलं सगळं,
मृगाचं संत्रं पिळलं,
पावात आधी पालक, मग डुकराचे ते धागे,
वर चिवळ, कच्चीच, मूठभर.

अजनी शेडात पस्तीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस
पाव उघडून आत पाहतो.
"तर्री काहून नाही यात?"

पप्पा, नळीत जाळी बसवलीय तुमच्या.

"मंग येऊ दे ना बाप्पा. जाळी हाये, गाळून घेईन."

खाल्लं मात्र पुरतं. मिशीला चिवळीचं पान.
मग हळूच, ओट्याकडे बघत:
"ते पांढरं कुठं ठेवलं वं, रूथ?"