बदल आदेश क्रमांक सात

अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत
दोन गावं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसली.
ब्रेडन मिल्सचे बासष्ट टक्के, शेलहॉर्नचे अडतीस.
मध्ये मी, हिशेबाची,
तिसऱ्याच नदीकाठची.

करारात माती होती.
सहा फूट खोल, नऊ मैल लांब, सरळ ओळीत माती.
बोअर घेणाऱ्यानं दर हजार फुटांवर एक भोक पाडलं
आणि दोन भोकांच्या मध्ये, जसं सगळेच करतात,
पेन्सिलीनं रेघ ओढली.
खडक त्या रेघेखाली बसून होता.
कोणी विचारलं नाही, म्हणून बोलला नाही.

डेल क्रॅनेकनं टोपी काढून मांडीवर ठेवली,
जणू कोणी वारलंय.
बाराशे घनयार्ड, यार्डाला एकशे अठरा.
एक लाख एक्केचाळीस हजार सहाशे डॉलर.
"सुरुंग नाही लावता येणार," तो म्हणाला, "शाळा जवळ आहे.
नुसता हातोडा."
त्याच्या बुटांवर पेनसिल्व्हेनियाची पांढरी धूळ होती.

राखीव निधीत नऊ हजार उरलेले.
बाकीचे कधी गेले ते मला तोंडपाठ आहे:
पोलादाचा भाव, एक हलवलेला व्हॉल्व्ह,
आणि ओढ्याकाठची कासवं, ज्यांची अंडी उबेपर्यंत
अख्खं मशीन एकवीस दिवस भाडं खात उभं होतं.

"खडक तुमच्या हद्दीत आहे," शेलहॉर्न म्हणालं.
"पाणी तुमच्याकडे चाललंय," ब्रेडन मिल्स म्हणालं.
आमच्या भाषेत याला एकमेकांना पाण्यात पाहणं म्हणतात.
पण पाणी तर अजून आलंच नव्हतं.
दोघं एकमेकांना कोरड्या पाइपात पाहत होते.

मी कलम चौदा वाचून दाखवलं.
कलम चौदाला खडक ठाऊक आहे;
कोणाचा, ते ठाऊक नाही.

शनिवारी लोरेटा पिंकस आणि मी खंदकात उतरलो.
ती शेलहॉर्नची प्रतिनिधी, वय एकाहत्तर,
चौकात तिची लाँड्री. तिथल्या विहिरीच्या पाण्यात इतकं लोह
की पांढरे शर्ट चहात बुडवल्यासारखे निघतात,
आणि गिऱ्हाइकं तिलाच बोलतात.
टेपचं एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे.
थंडी होती. वर डेल, न बोलता, कॉफीचा थर्मास धरून.
आम्ही मोजत गेलो: रुंदी, खोली, पुन्हा रुंदी.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला सोमवारपासून वाटत होतं.
मुरत होतं ते मॅनहोलपाशी:
साठ यार्ड दोनदा लिहिलेले.
चोरी नव्हे. दोन मुकादम, दोन वह्या.
डेल कानापर्यंत लाल झाला,
स्वतःच्याच पेननं आकडा खोडला
आणि शेजारी आद्याक्षरं केली.

सात हजार ऐंशी डॉलर.
एवढ्यानं कोणी तरत नाही.
पण लोरेटा खंदकाच्या कडेवर बसली, गुडघे चोळले
आणि म्हणाली, "आता मला गावाला सांगता येईल
की मी खाली जाऊन आले."

मग ती माझ्या वहीत डोकावली. शेलहॉर्नचे चारशे बारा नळ,
व्याज सोडून नळामागे एकशे चोवीस.
तिनं ओठ हलवत पुन्हा भागाकार केला.
माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही;
काही आकडे स्वतःच्या तोंडून जावे लागतात.

पुढच्या सोमवारी सह्या झाल्या.
ब्रेडन मिल्सच्या महापौरांनी आधी केली, न बघता.
लोरेटानं नंतर, चष्मा पुसून, प्रत्येक पानावर.

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून
त्या खडकाचा एक तुकडा ठेवला होता.
जाताना तिनं तो उचलला,
तळहातावर तोलून पाहिला,
"यातले अडतीस टक्के माझे," म्हणाली
आणि अख्खाच पिशवीत टाकला.

मी हरकत नोंदवली नाही.
कागद पंख्याखाली फडफडत राहिले.
सर्वांत वरचा कोरा होता, फक्त डोक्यावर
आठ.