तुर्भ्याचा जोड

अख्खी तार कशाला तोडता, बाई?
पांचाळांनी लेथ बंद न करताच विचारलं.
तुर्भे एमआयडीसी, टायरवाल्याच्या मागची गल्ली.
पायाशी पितळेचा कीस, कुरळा,
कुणाच्या तरी जावळासारखा.

मी बॅगेचं माप सांगितलं.
सव्वीस बाय सव्वीस, जाडी दहा इंच,
विमानवाले वर बोटभरही घेत नाहीत.
सायकलचा सांगाडा मधोमध सुटतो,
तसा बनवूनच घेतलाय,
पण मागच्या ब्रेकची तार
मुठीपासून चाकापर्यंत एकच.
दर प्रवासाला ती सोडवा, गुंडाळा,
पुन्हा ओवा, ताण बघा.
गुंडाळून गुंडाळून तिला मोड येतो,
आणि मोड आलेली तार
हात सैल सोडला तरी
मागे यायचं विसरते.

म्हणून मधेच कापायची.
दोन्ही टोकांना पितळी पेर,
एकाला आटे बाहेरून, एकाला आतून.
निघताना फिरवून सोडायचं,
पोचल्यावर फिरवून जोडायचं.

कानामागची पेन्सिल काढून
त्यांनी वीजबिलाच्या पाठीवर दोन नळकांडी काढली,
मग खोडली.
गियरची तार असती तर दिलं असतं करून.
गियर सुटला तर माणूस दमतं.
हे सुटलं तर
वाक्य त्यांनी चकमध्ये अडकवून
तसंच फिरत ठेवलं.

तीन खेपा झाल्या. एकदा वीज नव्हती,
एकदा ते पुतण्याच्या साखरपुड्याला दिघ्याला.
चौथ्यांदा, काही न बोलता,
चुन्याची रिकामी डबी पुढे सरकवली.
आत कापसावर चार जोड.

मग सायकलपाशी उकिडवे बसले.
दांडीखाली, तार उघडी आहे तिथे बसवा.
खुंटीला चिकटून नको.
मूठ दाबली की जोडही सरकतो,
त्याला दीड इंच मोकळं ठेवा.
जागा नसली तर तो अडतो,
मुठीला वाटतं दाबलं,
आणि चाकाला पत्ताच नाही.
त्यांच्या बोटाखाली मी खडूची खूण केली.
पैसे?
आधी पारसिकचा उतार बघा.

सकाळी सहा. टेकडीवर पाण्याचा टँकर,
खुर्चीत पेंगणारा वॉचमन,
खाली बेलापूरची खाडी, अजून राखाडी.
निम्म्या उतारावर मूठ आवळली.
तार, पितळ, तार.
मागचं चाक चिरकलं,
वॉचमननं डोळे उघडून
माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा मिटले.

मग जोरहाट.
लॉजची फरशी, पसरलेला टॉवेल,
त्यावर दोन अर्धे सांगाडे, पान्हे,
आणि मी, जोड किती आवळायचा या विचारात.
कमी आवळला तर सुटेल,
जास्त आवळला तर आटे जातील.
मोबाइलचा उजेड जवळ नेला तेव्हा दिसलं
दोन्ही अर्ध्यांवर नखाएवढी रेघ.
फिरवत नेलं, अडलं तिथे थांबले,
दोन रेघांची एक झाली होती.
सुटे तीन काढून बघितले.
प्रत्येकाची रेघ वेगळ्या जागी.
याचा अर्धा त्याला लावला
तर आटे बसतात,
रेघ जुळत नाही.

फोन केला.
रेघेचं बोलला नाहीत ते?
बोललो असतो तर डोळ्यांनी आवळलं असतंत.
हातानं आवळायचं. रेघ नंतर बघायची.
मागे लेथची घरघर,
त्यात त्यांचा आवाज किसासारखा तुटत तुटत.
थांबते ना?

मी मागचं चाक उचललं, जोरात फिरवलं,
फोन आऱ्यांजवळ धरला
आणि मूठ दाबली.

पलीकडे लेथ बंद झाला.