टेक एकोणीस

माईक चौदाशेचा, स्टँड जुन्या सायकलच्या हँडलचा,
आणि वरून डबलबेडची चादर, मोरवाली,
जी विकली गेली नाही कारण एका मोराची मान
विणतानाच तुटली होती.
तिच्या आत मी आणि गाणं, दोघंही घामाघूम.
पंखा बंद. पंखा ऐकू येतो ना.
एप्रिलमधलं सोलापूर मात्र ऐकू येत नाही,
नुसतं मानेवरून खाली उतरत राहतं.

रात्री पावणेदोनला दत्तनगरात शांतता असते
असं ज्याला वाटतं त्यानं हेडफोन लावून बघावा.
गेन जरा वाढवला की
निवत जाणारा पत्रा, टिक्, टिक्,
वर अंबुबाई चिप्पांचा खोकला,
त्यांच्या सुपातला तंबाखू,
कुत्र्यांचा जुनाच हद्दीचा दावा,
आणि भिंतीपलीकडे यल्लप्पाशेठचे चार माग
खटक्-खट, खटक्-खट.
त्यांना थांबा म्हणायची माझी हिंमत नव्हती.
त्यांच्यापुढं एकतीस वर्षं उभं राहून
नायनांनी मला बारावीपर्यंत आणलं.

नायनांना डाव्या कानानं आता काही नाही,
उजव्यानं फक्त जे हवं तेच.
सहाव्या टेकला, वरचा सा नेमका लागलेला,
दार लोटून ओरडले, "नीळ्ळु वच्चिनय्!"
पाचव्या दिवशी नळाला पाणी.
गाणं तिथंच ठेवून पिंप भरलं, घागरी भरल्या,
बादल्या, पातेली, शेवटी तांब्यासुद्धा.
ओल्या बोटानं पुन्हा लाल बटण.
बाराव्यात कुणाची तरी मोटर.
चौदाव्यात मीच, विनाकारण.
एकोणिसावा बरा होता. बरा म्हणजे
त्यात मला माझी कमी लाज वाटली.

सकाळी टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे मोजतो,
सहा डझनांचा एक.
मोजता मोजता खिशातला फोन चोरून बघतो.
एकवीस जणांनी ऐकलं.
त्यातला मी दोनदा.
एक भावजी, ते अकराव्या सेकंदाला उठून गेलेले.
वर्षाची कमाई अकरा रुपये चाळीस पैसे,
शंभर डॉलर साठेपर्यंत हातात येत नाही.
पावतीच्या मागं हिशेब मांडला: साडेसातशे वर्षं.
आपला किल्ला सहाशे वर्षं उभा आहे म्हणतात,
म्हणजे अगदीच अशक्य नाही.

खंडेनवमीच्या आधीच यल्लप्पाशेठनं माग काढले,
किलोच्या भावानं.
टेम्पोत चढवताना नायना फाटकाशी होते.
बघत नव्हते. होते.
त्या रात्री मला हवी तशी शांतता मिळाली,
धुतलेली, माईक नवा असल्यासारखी,
आणि मला लय धरता येईना.
मोबाईलवर ठोका लावला. ऐंशी. शंभर.
प्रत्येक वेग दुसऱ्या कुणाचा अंगरखा.
मग जुनी गाणी काढून टिचक्यांनी मोजली:
एकशे बारा. एकशे बारा.
विरहाचं, अगदी रडून केलेलं, तेही एकशे बारा.
आणि मी सगळ्यांना सांगत होतो, चाल माझी.

नकाशावर एक ठिपका आहे, भिवंडीत.
रोज पहाटे साडेतीनच्या आगेमागे
टेक एकोणीस वाजवतो, शेवटच्या श्वासापर्यंत,
पुन्हा लावतो.
पाळी सुटलेला कुणी असेल, आमच्याच गल्लीतून गेलेला.
किंवा खिशात दबून फोन आपोआप लागत असेल.
मी शोध घेत नाही.
फुंकर घातली तर विझतील अशा गोष्टींत
मी हल्ली लांबूनच हात शेकतो.

आज पुन्हा पाचवा दिवस.
चादर दोरीवर टाकली, मोडका मोर आतल्या बाजूला.
नायना झोपलेले नाहीत, नळाकडं कान,
म्हणजे उजवा.
"किती झालं?" त्यांनी विचारलं,
पाळी संपल्यावर मुकादम विचारायचा तसं.
"तीन मिनिटं अठ्ठावीस सेकंद."
"रात्रभरात एवढंच?"
एवढंच, मी म्हणालो, बहुतेक हळू,
कारण ते तोवर घागर घेऊन निघाले होते
आणि पाणी अजून यायचं होतं.